‘कोणास सांगू नका’

एका छपराखाली आपल्याबरोबर राहणाऱ्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट दुसऱ्याच्या कानी घालावी की नाही, हा प्रश्न वरवर पाहता लहान दिसतो. घरोघरी तो रोज उठतो आणि रोज मिटतोही. परंतु सांगणारा परक्याचा मुलगा असावा, ऐकणारा त्याच्याच देखरेखीसाठी नेमलेला असावा, आणि सांगितलेली गोष्ट त्याच्या जिवाशी येऊन ठेपावी, असा योग आला म्हणजे भल्याभल्यांची मती कुंठित होते. आम्हांवर असा प्रसंग एकदा आला. त्यात आमच्या हातून एक गोष्ट योग्य घडली व दोन चुकल्या. योग्य कोणती आणि चुकल्या कोणत्या हे उमगण्यास आम्हांस बराच काळ लागला; तेच आज आपल्या मंडळींपुढे मांडावे असे वाटते.

आम्ही गेली तीन वर्षे एका विद्यापीठाच्या वसतिगृहात मुक्कामास राहून तेथील देखरेखीचे काम करीत आहोत. आपल्या या गुजराथेत अशा मनुष्यास ‘गृहपति’ म्हणण्याची जुनी रीत आहे. नाव भारदस्त खरे. परंतु या गृहपतीचे गृह म्हणजे जिन्यालगतची एक खोली, एक खाट आणि भिंतीवर टांगलेला किल्ल्यांचा जुडगा. वॉर्डन हे प्राध्यापक असतात व आवारातील आपल्या निवासस्थानी राहतात. मुलांच्या मजल्यांवर अष्टौप्रहर असणारा मनुष्य तो आम्ही. रात्रीची हजेरी घेणे, टाकीत पाणी चढले की नाही ते पाहणे, मेसच्या तक्रारी ऐकणे, एका खोलीतील दोघांचे पटेनासे झाल्यास समेट घडविणे, मध्यरात्री कोणास ताप भरला तर रिक्षा करून त्यास दवाखान्यात नेणे, असे हे काम आहे. आमचे स्वतःचे शिक्षण शाळेपुढे गेलेले नाही, आणि मुले तर पदवी घेणारी. तरी रात्री अकरानंतर दाराशी येणाऱ्या मुलास समोरच्याची पदवी पाहावयाची नसते. त्यास जागा असलेला मनुष्य हवा असतो.

परगावी शिकणाऱ्या मुलाची काळजी वाहणे ही गोष्ट आपल्या समाजास नवी नाही. आपल्यांतील कित्येकांचे आजे-पणजे वार लावून शिकले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, अशा सात पानांवर त्यांची विद्या झाली. वाराचा मुलगा आला नाही तर त्या घरची माउली दुसऱ्या दिवशी चौकशी करी. पुढे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढून सर्व जातींच्या मुलांस एका पंक्तीस बसविले. तेथे मुलांच्या जेवणाची अडचण पडली तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने, शेवटी मंगळसूत्रदेखील, त्यापायी दिले, ही हकिकत सर्वश्रुत आहे. त्या माउलीस त्या कामाचा पगार नव्हता, की कोणी तिला नियमावली लिहून दिली नव्हती. मुलांच्या सोबत राहणाऱ्यास डब्यातले धान्य संपल्याचे सर्वांआधी कळते, एवढेच त्यातले मर्म.

आता काळ पालटला आहे. रॅगिंगच्या घातक प्रथेस आळा कसा घालावा याचा विचार करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून राघवन समिती नेमली गेली व तिने २००७ साली अहवाल दिला. त्यानंतर २००९ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने नियम केले. प्रत्येक वसतिगृहास पूर्णवेळ वॉर्डन असावा, त्याने वसतिगृहात किंवा निदान त्याच्या लगत राहावे, कोणत्याही वेळी मुलांस त्याच्यापर्यंत पोहोचता यावे आणि त्याचा दूरध्वनी क्रमांक सर्वांस ठाऊक असावा, असे त्यांत सांगितले आहे. कचेरीच्या वेळात उरकण्याजोगे हे काम नव्हे, हे कायद्यासही पटले, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु ‘तेथे राहा’ असे कायदा सांगू शकतो. राहून काय करावे, हे सारेच त्यास सांगता येत नाही.

त्यासाठी आमची दृष्टी जुन्या कथांकडे वळते. महाभारताच्या आदिपर्वात धौम्य ऋषींचा शिष्य उपमन्यू याची कथा आहे. गुरूंनी त्यास आधी भिक्षान्न, मग गाईंचे दूध, शेवटी वासरांच्या तोंडचा फेससुद्धा वर्ज्य केला. भुकेने व्याकूळ होऊन त्याने रुईची पाने खाल्ली, त्याची दृष्टी गेली आणि तो विहिरीत पडला. ही कथा बहुधा शिष्याच्या आज्ञाधारकपणाचा दाखला म्हणून सांगतात. आम्हांस मात्र तीत गुरूची ती संध्याकाळ अधिक मोलाची वाटते. सूर्यास्त झाला तरी उपमन्यू परतला नाही. तेव्हा गुरू इतर शिष्यांस म्हणाले की, मी त्याला सर्वच बाबतींत अडविले, तो खचित रुसला असला पाहिजे. आणि ते स्वतः रानात जाऊन त्याच्या नावाने हाका मारू लागले. नियम त्यांनीच केले होते; तरी मुलगा दिसेनासा होताच त्यांनी पहिली शंका घेतली ती आपल्याच नियमांची. हजेरीवहीत ‘गैरहजर’ असा शेरा मारून ते निजले नाहीत.

आता आमचा प्रसंग. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या अखेरीस, दुसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा रात्री साडेअकराच्या सुमारास आमच्या दाराशी आला. खानदेशातील शेतकऱ्याचा मुलगा, स्वभावाने शांत. आठ-दहा दिवस तो रात्रीच्या जेवणास मेसमध्ये दिसत नव्हता. आपला टेबलावरचा दिवा त्याने ‘मला आता लागत नाही’ असे सांगून शेजारच्यास देऊन टाकला होता. ही दोन्ही आम्ही पाहिली होती, परंतु त्यांचा अर्थ लावला नव्हता. तो म्हणाला, “दादा, एक सांगायचं आहे. पण कोणाला सांगणार नाही असं आधी वचन द्या.”

आम्ही तत्काळ वचन दिले. खरे सांगावयाचे तर त्या क्षणी आम्हांस धन्यता वाटली. एवढी शिकणारी मुले, आणि त्यांतील एकजण आपले मन आमच्यासारख्या अल्पशिक्षितापाशी उघडे करतो, याचा आम्हांस अभिमान वाटला. ते वचन आम्ही त्याच्यासाठी दिले नव्हते. आमच्या त्या अभिमानासाठी दिले होते.

मग तो बोलू लागला. दोन सत्रांत मिळून चार विषय राहिले होते. घरी मात्र ‘पास झालो’ असे कळविले होते. वडिलांनी शिक्षणासाठी जमीन गहाण टाकली होती. शेवटी तो म्हणाला, “आता घरी तोंड दाखवण्यापेक्षा आपण नसलेलंच बरं.” हे वाक्य ऐकले आणि मघाचा अभिमान कोठल्या कोठे गेला. मुलांस सक्त मनाई असलेल्या विजेच्या शेगडीवर आम्ही चहा केला. पहाटेपर्यंत तो खाटेवर पडून राहिला आणि आम्ही दाराला पाठ लावून बसून राहिलो.

सकाळी काकडआरती आटोपल्यावर आम्ही तीर्थरूपांस फोन केला. मुलाचे नाव-गाव न सांगता विचारले, की वचन दिले आहे, आता काय करावे? त्यांचा सारा जन्म देवाच्या दारी गेला. तेथे येऊन लोक जे बोलतात, त्यातला एक शब्दही त्यांनी कधी घरात उच्चारला नाही. तेव्हा ‘वचन पाळ’ असेच ते सांगतील, अशी आमची अटकळ होती. त्यांनी उलट विचारले, “कर्णपर्वातला कौशिक आठवतो ना?” कौशिक नावाच्या ब्राह्मणाचे सदा सत्य बोलण्याचे व्रत होते. दरोडेखोरांच्या भयाने लोक रानात लपले. दरोडेखोरांनी विचारताच त्याने त्यांची जागा दाखविली, लोक मारले गेले, आणि सत्यवादी कौशिक नरकात गेला. ही कथा श्रीकृष्णाने अर्जुनास सांगितली ती अर्जुन आपल्या एका गुप्त प्रतिज्ञेपायी वडील भावावर शस्त्र उगारून उभा राहिला तेव्हा. तीर्थरूप म्हणाले, “अरे, कौशिकानं सांगून माणसं घालवली, तू न सांगून घालवशील. व्रत तेवढं दोघांचंही शाबूत राहील!”

आम्ही वचन मोडले. ते मोडले हे योग्यच झाले, याविषयी आज आमच्या मनात तिळमात्र संदेह नाही. परंतु ज्या रीतीने मोडले ती रीत चुकली. मुलगा प्रात्यक्षिकास गेला असता आम्ही त्याच्या पाठीमागे कचेरीत गेलो, आणि त्याने सांगितलेले सर्व, विषयांचे, खोट्या निरोपाचे, गहाण जमिनीचेही, एका कागदावर लिहून दिले. कचेरीतून तो कागद जसाच्या तसा त्याच्या घरी फोनवर वाचून दाखविला गेला. रात्री वडील आणि काका येऊन पोहोचले. वडील भेदरलेले होते, आणि भेदरलेला मनुष्य ओरडतो. साऱ्या मजल्यावरची मुले दारांत उभी असताना त्यांनी “एवढं खोटं?” असा जाब विचारला. मुलाने त्यांच्याकडे पाहिले नाही. त्याने एकदाच मान वर केली आणि आमच्याकडे पाहिले.

त्यानंतर त्याच्यावर डॉक्टरांचे उपचार झाले, एक वर्ष तो घरी राहिला, आणि देवाच्या कृपेने परत येऊन परीक्षा उत्तीर्णही झाला. आमच्या दाराशी मात्र चार महिने रात्री अकरानंतर कोणी आले नाही. त्या काळात कोण कोण आपले दुःख उशीखाली घेऊन निजला असेल, हे आम्हांस कधीच कळणार नाही.

येथे कोणी म्हणेल, की मग सांगितलेच कशाला? एकाचे गुपित फोडल्याने दहाजणांचा विश्वास उडतो. हा आक्षेप खोटा नाही. परंतु त्यावरचा उपाय मौन नव्हे. २०१७ सालच्या मानसिक आरोग्यविषयक कायद्याने उपचार करणाऱ्यांवर गुप्ततेचे बंधन घातले आहे. तथापि जिवास धोका असेल तर तो टाळण्यापुरती माहिती देण्याची मुभाही ठेवली आहे. त्यातला ‘तेवढ्यापुरती’ हा भाव आम्हांस फार मोलाचा वाटतो. मुलाच्या जिवास धोका आहे, एवढे कचेरीस कळणे अवश्य होते. गहाण जमिनीची गोष्ट तिला सांगण्याचे कारण नव्हते. आणि घरी खोटे कळविल्याची कबुली तर मुलाने स्वतः, कोणाच्या तरी आधाराने, द्यावयाची होती. ती आम्ही त्याच्या हातून काढून घेतली.

म्हणून आता कोणी ‘कोणाला सांगू नका’ म्हणून बोलू लागला, की आम्ही त्यास आरंभीच थांबवितो. म्हणतो, “तुझं बोलणं मी चव्हाट्यावर नेणार नाही. पण तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवावर बेतणारं असेल तर गप्पही बसणार नाही. आणि कोणाकडे जायचंच झालं, तर तुला आधी सांगेन आणि तुला बरोबर घेऊन जाईन.” हे ऐकून मुले क्षणभर थांबतात. एकदा एकजण उठून गेलाही. तेव्हा आम्ही त्याच्यामागे जिना चढून गेलो आणि त्याच्या खोलीत जाऊन बसलो. बाकीचे बसून राहिले आणि बोलले. अगोदर मर्यादा सांगून ठेवलेला विश्वास टिकाऊ होतो, असा आमचा अनुभव आहे.

ज्या कुटुंबांची मुले पुण्यास, बंगळुरास किंवा आणखी कोठे वसतिगृहात आहेत, त्यांसही एक विनंती. आपण आमच्यासारख्या मनुष्यास फोन करून ‘आमचा मुलगा काय करतो, कोणाबरोबर हिंडतो’ असे विचारता. मुलगा अठरा वर्षांचा झाला म्हणजे कायद्याने तो सज्ञान होतो. त्याची रोजची डायरी आपणांस पुरविणे हे आमचे काम नव्हे. परंतु एखाद्या रात्री आम्ही होऊन फोन केला, तर त्यावर कृपा करून विश्वास ठेवा, आणि भेटताच जाब विचारू नका. ‘जेवलास का?’ एवढेच प्रथम विचारा. वाराच्या मुलास आपली पणजी हेच विचारीत असे. आणि कोणापाशीच बोलवत नसेल अशांसाठी २०२२ साली सरकारने ‘टेलिमानस’ ही सेवा सुरू केली आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक रात्रीअपरात्रीही लागतो व आपल्या भाषांतून बोलता येते. तो घरातील मोठ्यांनीही टिपून ठेवावा.

मागील उन्हाळ्यात तो मुलगा वसतिगृह सोडताना कागदावर आमची सही घेण्यास आला. सही झाली तरी थोडा वेळ उभा राहिला. मग म्हणाला, “दादा, तेव्हा मला आधी सांगायला हवं होतं.” आम्ही म्हणालो, “हो, हवं होतं.” ‘सांगावयास नको होते’ असे तो म्हणाला नाही. आमच्या प्रश्नाचा निवाडा त्या एका वाक्यात आला, असे आम्ही समजतो.

असो. आमचे तीर्थरूप शेजारतीनंतर गाभाऱ्याचे दार लावण्यापूर्वी नंदादीपात रात्रीपुरते तेल आहे ना, हे नित्य वाकून पाहतात. आम्हीही आता हजेरीवही मिटल्यावर मजल्यांवरून आणखी एक फेरी घालतो. कोण आत आहे हे वहीत लिहिलेले असतेच. कोण जेवला नाही, ते त्या फेरीत कळते.