हत्तीणीसह येणारा हत्ती

तिरुवैयारूला मनानेच जायचे असले, तरी तंजावरच्या बाजूने जावे. तेरा-एक किलोमीटरच्या त्या वाटेवर वडवारू, वेण्णारू, वेट्टारू, कुडमुरुट्टी अशा एकामागून एक नद्या ओलांडाव्या लागतात आणि शेवटी कावेरीचा पूल येतो. प्रत्येक पुलावर क्षणभर थांबा. खाली पाणी असेल किंवा नुसती वाळू असेल. जे असेल ते पाहा. आजचे मनन पाहण्याचे आहे, म्हणून पावले सावकाश पडू द्या. एका परिच्छेदावरून दुसऱ्याकडे जाताना डोळे मिटावेसे वाटले तर मिटा.

संगीत आवडणाऱ्या बहुतेकांना हे गाव त्यागराजांमुळे ठाऊक असते. १८४७ साली त्यांनी इथेच देह ठेवला आणि पौष वद्य पंचमीला त्यांच्या समाधीसमोर शेकडो गायक-वादक एकत्र बसून पंचरत्न कृती गातात. तिकडे आपण नंतर वळू. आधी गावच्या शिवाच्या, ऐयारप्परच्या मंदिराकडे चला, कारण आपल्याला ज्या प्राण्यांना भेटायचे आहे ते त्यागराजांच्याही हजारएक वर्षे आधी या गावात दिसले होते.

सातव्या शतकातले शैव संत अप्पर उतारवयात कैलासाला निघाले. ती कथा पेरियपुराणात, म्हणजे सेक्किळारांच्या बाराव्या शतकातल्या ग्रंथात आहे. चालून चालून पाय झिजले, तेव्हा अप्पर हातांवर पुढे सरकू लागले. हात गेले, तेव्हा छातीने सरपटले. शेवटी कूस बदलत लोळत राहिले. वाटेत एक तपस्वी भेटला आणि म्हणाला, या देहाने कैलास गाठणे होणार नाही, परत जा. अप्पर बधले नाहीत. तेव्हा त्यांना आज्ञा झाली की समोरच्या तळ्यात बुडी मार. तिरुवैयारूला वर येशील आणि कैलास तुला तिथे दिसेल. अप्परांनी बुडी मारली आणि ते या गावातल्या तळ्यातून वर आले. तमिळ आडी महिन्यातल्या अमावास्येला इथे या दर्शनाचा उत्सव होतो.

इथे थांबा. ओल्या अंगाने तळ्याच्या पायऱ्यांवर उभा असलेला तो वृद्ध माणूस डोळ्यांसमोर आणा. हिमालयातला पर्वत पाहायला आयुष्य पणाला लावून निघालेला माणूस कावेरीकाठच्या एका गावात उभा आहे. आता त्याला काय दिसले?

त्याला एक हत्ती दिसला, आपल्या हत्तीणीबरोबर येणारा.

त्या वेळी त्यांनी रचलेल्या अकरा कडव्यांच्या पदिगात, म्हणजे स्तोत्रात, प्रत्येक कडव्यात एक जोडी येते. हत्तीनंतर कोंबडा-कोंबडी, मग कोकीळ, पुढे मोर, रानडुक्कर, बगळा, पोपट, प्रत्येक आपापल्या जोडीदारासह. आणि शेवटच्या कडव्यात तरुण गाईसोबत येणारा बैल. शिव आणि शक्ती आपल्याला अशा रूपात भेटली, असे ते म्हणतात. त्यांच्याभोवती भक्त फुले आणि पाणी घेऊन गात चालले होते. अप्पर त्यांच्या मागोमाग गावात शिरले, एवढेच. सिंहासन नाही, गण नाहीत, बर्फ नाही.

आता यातली एकच जोडी घ्या. हत्ती घ्या. त्याला येऊ द्या. त्याच्या पाठीवर अंबारी नाही, माथ्यावर अंकुश नाही, सोंडेत कलश नाही. शेजारी हत्तीण आहे. पाहता पाहता तुमच्या मनात काही शब्द उगवतील: गणपती, ऐश्वर्य, गजान्तलक्ष्मी. ते शब्द खोटे नाहीत, पण आत्ता त्यांना बाजूने जाऊ द्या. हत्तीचे कान हलत आहेत. दोघांच्या पावलांची लय सारखी नाही. तो किंचित थांबतो, ती पुढे होते. इतकेच पाहत राहा.

मग कोंबडीकडे वळा. मला या पदिगात सर्वांत जास्त धीर देणारी हीच जोडी वाटते. हत्ती, मोर, बैल यांना देवळाच्या भिंतीवर जागा मिळतेच. उकिरडा उकरणारी कोंबडी देवदर्शनाच्या यादीत दुसरी यावी, आणि ती तिथे कोणत्याही कारणाशिवाय यावी, यासाठी पाहणाऱ्याचे मन फार मोकळे असावे लागते.

आता हे गाव न सोडता नजर लांब नेऊ. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर एका गुहेत लाल रंगात काढलेले रानडुक्कर आहे. ते किमान ४५ हजार वर्षांपूर्वीचे आहे. जवळच कुणीतरी हाताचे दोन ठसे उमटवले आहेत. फ्रान्समधली शोवे गुहा १९९४ साली सापडली. तिच्या भिंतींवर तीस हजार वर्षांहून जुने घोडे, गेंडे, सिंह आहेत आणि त्यांत अंगाला अंग लावून चाललेले सिंह-सिंहीणही आहेत. माणूस या गुहांत फार थोडा आहे. ज्यांच्या हाती कोळसा आणि गेरू होता, त्यांनी स्वतःचा चेहरा काढण्याआधी प्राणी काढले. का काढले, याची बरीच उत्तरे दिली गेली: शिकारीची जादू, कुळाचे चिन्ह, तंद्रीत दिसलेली दृश्ये. उत्तरे असू द्या. त्या सिंहिणीच्या पाठीची एकच सलग रेष पाहा. इतकी रेष येण्यासाठी काढणाऱ्याने जिवंत सिंहीण किती वेळ, श्वास धरून पाहिली असेल!

आपल्या प्रवरेकाठी, दायमाबादला, १९७४ साली जमिनीतून चार कांस्यशिल्पे निघाली. हत्ती, गेंडा, म्हैस आणि बैलजोडी जुंपलेला रथ, त्यात उभा माणूस. सगळी मिळून साठ किलोंहून जड. ती सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची मानली जातात. गेंडा चाकांवर उभा आहे. आज अहिल्यानगर जिल्ह्यात गेंडा म्हटले तर हसू येईल, पण ज्याने तो घडवला त्याने मानेच्या घड्या, पोटाचा भार, खाली झुकलेले डोके असे सगळे नीट उतरवले आहे.

या गेंड्याशेजारी मनात दुसरा एक गेंडा उभा करा. गुजरातचा सुलतान मुजफ्फरशाह याने पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्क याला एक गेंडा भेट दिला. अल्बुकर्कने तो १५१५ च्या जानेवारीत गोव्याहून गलबतात चढवून आपल्या राजाकडे धाडला. मे महिन्यात तो लिस्बनला उतरला. न्यूरेंबर्गच्या आल्ब्रेख्त ड्यूररने त्याला कधीच पाहिले नाही. एक पत्र आणि एक कच्चे रेखाटन एवढ्यावर त्याने लाकडावर गेंडा कोरला. त्याला चिलखताचे पत्रे चढवले आणि खांद्यावर एक जादा शिंग दिले. पुढची दोनेकशे वर्षे युरोपने गेंडा असाच असतो असे मानले. स्वतः तो प्राणी पुढच्याच वर्षी इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडून मेला.

ड्यूररचे चित्र भव्य आहे, यात शंका नाही. तरी दोन्ही गेंडे शेजारी ठेवा आणि कोणत्या गेंड्यापाशी मन शांत होते ते स्वतः तपासा. मी दायमाबादकडे झुकतो. तिथे घडवणाऱ्याने प्राण्यावर आपले काही लादलेले नाही.

आता तंजावरला परत येऊ, राजवाड्यात. १६७६ पासून १८५५ पर्यंत इथे भोसल्यांचे राज्य होते. त्यांतले सरफोजी राजे (दुसरे) यांनी सरस्वती महाल हे ग्रंथालय कुठल्या कुठे नेऊन ठेवले. तिथे गजशास्त्र आणि अश्वशास्त्रावरची सचित्र हस्तलिखिते आहेत: हत्तीचे प्रकार, घोड्याची लक्षणे, त्यांच्या व्याधी. प्राण्याला बरे करण्यासाठी त्याला पाहणे, हेही पाहणेच आणि ते फार प्रामाणिक पाहणे. आजारी हत्तीत कुणी आपली कल्पना शिरवत नाही; त्याच्या डोळ्यांतला चिकटा बघतो.

त्याच ग्रंथालयात शार्ल ल ब्रँची चित्रे मांडलेली आहेत. हा चौदाव्या लुईचा दरबारी चित्रकार, सतराव्या शतकातला. माणसाचे मस्तक आणि प्राण्याचे मस्तक शेजारी शेजारी काढून त्याने दोघांतले साम्य दाखवले. घुबडासारखा माणूस, मेंढीसारखा, सिंहासारखा, उंटासारखा. चित्रांसमोर उभे राहणारे बहुतेक लोक हसतात, मग शेजाऱ्याकडे पाहतात. तुम्ही तसे करू नका. त्या माणसाच्या चेहऱ्यावर कागद धरल्याची कल्पना करा आणि उरलेल्या घुबडाकडे एकट्याने पाहा. त्याला आपल्याविषयी काही सांगायचे नाही. ते आपल्या स्वभावाचा आरसा होण्यासाठी जन्मलेले नाही. जगभरच्या कलेत प्राण्यांना माणसाने हे काम इतके दिले आहे, की कोल्हा म्हटले की लबाडी आणि गाढव म्हटले की मूर्खपणा आपल्या नजरेआधी पोचतो. घुबड पाहा. डोळे गोल, समोर रोखलेले. एवढे पुरेसे होते का, पाहा.

राजवाड्याच्याच आवारातल्या कलादालनात एक कांस्यमूर्ती आहे. तिच्यापाशी आज सर्वांत जास्त वेळ थांबायचे. तिरुवेण्काडू इथून आलेला हा शिव १०११ सालचा आहे, राजराज चोळाच्या काळातला. डोक्यावर सापांचे फेटेदार वेढे, एक पाय दुसऱ्यावर सहज टाकलेला, अंग किंचित कललेले. एक हात कोपरात वाकून पुढे आला आहे आणि हवेत टेकला आहे. मूर्तिकाराने तो हात बैलाच्या पाठीवर ठेवला होता. बैल सापडलेला नाही.

हात पाहा. तो ताठ नाही. बोटे कशाला पकडत नाहीत. ज्याच्यावर पूर्ण विश्वास आहे अशा जिवंत पाठीवरच इतका सैल हात विसावतो. आता त्या हाताखाली, तुमच्या मनात, बैल उभा करा. घाईने पूर्ण करू नका. आधी पाठीची उंची ठरवा, हातावरून ती कळते. मग वशिंड. मग मानेखालची पोळी. कातडी थरारून माशी उडवते तसा एक थरार. त्याचा श्वास त्या हाताला कळत असणार. देवाच्या अंगातला डौलदार कल कशामुळे आला ते आता दिसेल: तो उभा आहे तो बैलाच्या आधाराने. बैल गेला, तरी देवाच्या अंगात बैलाचा भार अजून आहे. हजार वर्षांपूर्वीच्या त्या अनाम कारागिराच्या या मूर्तीइतके प्राण्याला मान देणारे शिल्प मी दुसरे पाहिलेले नाही.

आता त्यागराजांच्या समाधीकडे, तिथल्या सुरांकडे वळू. नारदीय शिक्षा या जुन्या ग्रंथात सात स्वर सात प्राण्यांच्या कंठात ऐकू येतात असे सांगितले आहे. मोर षड्ज बोलतो, बैल ऋषभ, शेळी गांधार, क्रौंच मध्यम, कोकीळ पंचम, घोडा धैवत आणि हत्ती निषाद. मोर, बैल, कोकीळ, हत्ती हे अप्परांच्या कडव्यांतही आहेत. या दोन याद्यांचा एकमेकींशी काही संबंध असल्याचे मी म्हणत नाही. पण पंचमीच्या सकाळी कावेरीकाठी शेकडो कंठ एकाच वेळी सा लावतात, तेव्हा त्या एका सुराखाली मोराची हाक ठेवून ऐका. मग नि ऐका आणि हत्तीचा चीत्कार आठवा. तानपुऱ्यावर कानाची तयारी होते, पण संगीतशास्त्र लिहिणाऱ्यांनी पहिला कान रानाला लावला होता, ही गोष्ट ऐकण्याला एक वेगळी खोली देते.

गावातून निघण्यापूर्वी एका लग्नाला थांबायचे आहे. इथली कथा अशी, की शिलाद ऋषींना यज्ञासाठी जमीन नांगरताना एक मूल सापडले. तेच नंदी. तिरुमळपाडी या गावी त्याचे सुयशेशी लग्न लागते आणि चैत्री-वैशाखी दिवसांत वधूवर ऐयारप्परच्या पालखीसोबत सात गावांची फेरी करतात: तिरुप्पळनम, तिरुच्चोट्रुत्तुरै, तिरुवेदिकुडी, तिरुक्कंडियूर, तिरुप्पून्तुरुत्ती, तिल्लैस्थानम आणि पुन्हा तिरुवैयारू. प्रत्येक गावचा देव आपल्या पालखीतून सोयऱ्यासारखा पुढे येतो. ज्याला आपण देवाचे वाहन म्हणतो, त्याला इथे आई-बाप, बायको, वऱ्हाड, मिरवणूक सगळे आहे, आणि देव त्याच्या लग्नात यजमान म्हणून राबतो. उन्हात, भातशेतांच्या बांधांवरून त्या मिरवणुकीबरोबर मनाने थोडे चाला.

आपल्या गावातल्या महादेवाच्या देवळात जाताना तुम्ही नंदीच्या पाठीशी वाकता, दोन शिंगांवर बोटे ठेवता आणि मधल्या जागेतून पिंडी पाहता. पिढ्यान्‌पिढ्यांची ही रीत सुंदर आहे आणि ती मोडायला कुणी सांगत नाही. पुढच्या सोमवारी एवढेच करा: शिंगांकडे हात नेण्याआधी नंदीच्या बाजूला बसा. दगड काळा असेल, तेलाने तुकतुकीत झालेला असेल. गळ्यातल्या घुंगरमाळेचा एकेक मणी पाहा, दुमडलेला पुढचा पाय पाहा, पाठीवरची झूल कोरताना कुठे छिन्नी घसरली आहे ते पाहा. मागे दर्शनाला थांबलेल्यांना पुढे जाऊ द्या. तळहात त्याच्या पाठीवर ठेवा, तिरुवेण्काडूच्या शिवाने ठेवला होता तसा, सैल.