समुद्राचा शिणवटा

थायलंडच्या किनाऱ्यापासून थोडं दूर, अंदमान समुद्रात, फी फी ले नावाचं लहानसं बेट आहे. त्या बेटाच्या कुशीत एक किनारा आहे. बाजूंना चुनखडीचे सरळसोट कडे, मध्ये हिरव्या-निळ्या उथळ पाण्याचा वाडगा आणि काठाला पिठासारखी पांढरी वाळू. चार-पाच मिनिटं चाललं की संपेल एवढाच तो किनारा. नाव माया बे.

१९९९ साली ‘द बीच’ या हॉलिवूडच्या सिनेमासाठी एक स्वर्ग हवा होता. तो इथे सापडला, पण सिनेमावाल्यांना थोडा कमी वाटला. म्हणून वाळूचे उंचवटे सपाट केले गेले, मूळची झुडपं काढली गेली आणि नारळाची झाडं आणून लावली गेली. हजारो वर्षं समुद्राने घडवलेल्या जागेला माणसाने चार दिवसांच्या कामासाठी पावडर-कुंकू लावलं. पुढच्या वर्षी सिनेमा आला आणि पडद्यावरचा तो किनारा शोधत जग तिकडे निघालं.

सुमारे अठरा वर्षं हे चालू राहिलं. गर्दीच्या दिवसांत त्या चिमुकल्या वाळूवर पाच हजारांच्या आसपास माणसं उतरायची. होड्या थेट आत यायच्या. त्यांचे नांगर पोवळ्यांवर पडायचे, पंखे तळाची वाळू ढवळायचे. पोवळं म्हणजे दगड नव्हे, तो जीव आहे. त्याच्या कित्येक जाती वर्षभरात बोटाच्या पेराएवढ्याही वाढत नाहीत. शंभर वर्षांची वाढ मोडायला एक नांगर आणि एक क्षण पुरतो. नांगर टाकणाऱ्याच्या मनात काही वाईट नसायचं. फोटो काढणाऱ्याच्याही नसायचं. प्रत्येक जण सौंदर्यावर प्रेम करायलाच आला होता. ते प्रेमच त्या किनाऱ्याला झेपेनासं झालं.

१ जून २०१८ रोजी थायलंड सरकारने माया बे बंद केला. आधी चारच महिन्यांसाठी. पण पाण्याखाली उतरून पाहणाऱ्या अभ्यासकांना दिसलं की चार महिन्यांत भरून येणारी ही जखम नव्हे. मुदत वाढत गेली. स्वयंसेवकांनी पोवळ्यांचे तुकडे वाढवून पुन्हा तळाशी लावले. बाकीचं काम समुद्राने स्वतःच केलं, त्याला फक्त एकांत हवा होता. काही महिन्यांतच पंखांच्या टोकांना काळा रंग असलेले छोटे शार्क परतू लागले. आपल्या कोकणात ज्यांना मुशी म्हणतात, त्यांच्याच जातकुळीतले हे मासे. उथळ, उबदार, शांत पाणी हे त्यांच्या पिल्लांचं पाळणाघर. इतकी वर्षं आपण ज्याला पोहायची जागा समजत होतो, ते कुणाचं तरी बाळंतघर होतं. मराठीत माया म्हणजे भुरळही आणि ममताही. जगाला त्या किनाऱ्याची भुरळ तेवढी दिसली होती. तो रिकामा झाला, तेव्हा ममता दिसली.

हे वाचताना पंढरपूर आठवतं. आषाढी यात्रेच्या काळात विठ्ठलाचा पलंग काढून ठेवतात. शेजारती होत नाही, देव झोपत नाही. लाखो माणसं चालत आलेली असतात, त्यांच्यासाठी तो चोवीस तास उभा राहतो. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते. देवाच्या पायांना लिंबू-साखर चोळतात, गरम पाण्याने स्नान घालतात, शिणवटा जावा म्हणून औषधी काढ्याचा नैवेद्य दाखवतात. मग पलंग पुन्हा आत येतो.

दगडाची मूर्ती दमते का, असा प्रश्न कुणी करील. पण ज्यांनी ही रीत घातली, त्यांना माणसाच्या मनातलं काही नेमकं कळलं होतं. दर्शन घेणाऱ्याला आनंद होतो, दर्शन देणाऱ्याला श्रम होतात. आपण कितीही प्रेमाने पाहिलं तरी ते श्रम कमी होत नाहीत. म्हणून भक्ताच्या दिवसांनंतर देवाचे दिवस यायला हवेत. विशेष म्हणजे, एरवी रोज रात्री शेजारतीनंतर देवळाचं दार लागतं तेव्हा कुणी वारकरी ‘मी एवढ्या लांबून आलो’ म्हणून भांडत नाही. तो देवळाच्या पायरीवर डोकं टेकवतो आणि सकाळची वाट बघतो.

ही समज आपण देवळाबाहेर पडताना तिथेच ठेवून येतो. डोंगर, धबधबे, किनारे यांनी मात्र बारा महिने चोवीस तास दर्शन द्यावं, असं आपल्याला वाटतं. तिकीट काढलं, रजा टाकली, एवढे पैसे घातले, आता दार बंद कसं? ऑस्ट्रेलियात उलुरू नावाचा प्रचंड तांबडा खडक आहे. तिथल्या मूळच्या अनंगू लोकांना तो पवित्र आहे. कृपा करून त्यावर चढू नका, असं ते कित्येक वर्षं पाहुण्यांना सांगत होते. शेवटी २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई कायमची बंद झाली. ती बंद होणार हे जाहीर झाल्यावर काय घडलं? अखेरच्या दिवसांत चढणाऱ्यांची रांग मुंगळ्यांसारखी खडकावर लागली. ज्याला नको म्हटलं जातं तिथे शेवटचं एकदा पाय ठेवून यायची ही कसली ओढ? तिला निसर्गप्रेम म्हणताना जीभ अडखळते.

माया बे १ जानेवारी २०२२ रोजी पुन्हा उघडला, पण आता पाहुण्यांसाठी यजमानाचे नियम आहेत. होड्या समोरून आत येत नाहीत. बेटाच्या मागच्या बाजूला धक्क्यावर उतरून चालत यायचं. एका वेळी ठरावीकच माणसं, तीही ठरावीक वेळापुरती. पोहायचं नाही, पाय भिजवायचे तेवढेच. आणि दर वर्षी ऑगस्ट व सप्टेंबर हे दोन महिने किनारा पूर्ण बंद. ते त्याच्या प्रक्षाळपूजेचे दिवस, असं आपण मनात म्हणायला हरकत नाही. गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसापासून काही हातांवरून शार्कचं पिल्लू निवांत निघून जातं. पूर्वी हजारोंनी तिथे पोहताना हे पाहिलं नव्हतं.

जग फार सुंदर आहे आणि ते पाहायला निघणं चांगलंच आहे. घरात बसून डोळे मिटण्यापेक्षा चार डोंगर चढलेले बरे. फक्त पुढच्या सहलीची आखणी करताना, कधी उघडं असतं, या प्रश्नासोबत आणखी एक प्रश्न विचारत जा: ही जागा विश्रांती कधी घेते? उत्तर मिळालं तर ते दिवस सोडून जा. आणि दाराशी पोचल्यावर ते बंद दिसलंच, तर चिडू नका. पायरीशी क्षणभर थांबा, हात जोडा आणि मागे फिरा.