सिद्ध न झालेला अपराध

कुंभकोणमहून दाराशुरमच्या बाजूने गेले की थोड्याच अंतरावर पट्टीश्वरम् लागते. कामधेनूची कन्या पट्टी हिने येथे शिवाची आराधना केली, म्हणून देव धेनुपुरीश्वर, अशी स्थलकथा आहे. बहुतेक भाविक तेथील दुर्गेच्या दर्शनास येतात. मला मात्र नंदी पाहावयाचा होता. तो देवासमोर सरळ रेषेत नाही. किंचित बाजूला आहे. बालसंत ज्ञानसंबंधर मोत्यांच्या छताखालून येत होते. ते दृष्टीस पडावेत म्हणून देवानेच नंदीला सरावयास सांगितले, असे म्हणतात. नंदीचा अपराध काहीच नव्हता. तो केवळ आड येत होता. आणि विशेष हे की, बाजूला सारल्यानंतरही त्याला कोणी अपराधी म्हटले नाही.

ही कथा ऐकताना मला बडोद्याची आठवण झाली. तिला कारणही होते. राजा सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली या कुंभकोणमातच, तंजावरी मराठी कुळात झाला. १८७५ साली ते बडोद्याचे दिवाण झाले. पण ती जागा कशी निर्माण झाली, हे आपण सहसा आठवत नाही.

नोव्हेंबर १८७४ मध्ये रेसिडेंट कर्नल फेर यांच्या सरबतात सोमल घातल्याचा आरोप मल्हारराव गायकवाडांवर आला. चौकशीसाठी सहा जणांचे मंडळ नेमले गेले. तिघा इंग्रज सभासदांना आरोप सिद्ध वाटला. जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव या तिघांना तो सिद्ध वाटला नाही. मंडळ असे दुभंगल्यावर एप्रिल १८७५ मध्ये सरकारने मल्हाररावांना पदच्युत केले; मात्र कारण दिले ते गैरकारभाराचे. मद्रासला पाठविलेले मल्हारराव १८८२ साली तेथेच वारले.

मल्हाररावांचा कारभार वाईट होता, याविषयी वाद घालण्याचे कारण नाही. पण त्याच कारभाराच्या सुधारणेसाठी सरकारने त्यांना १८७५ च्या अखेरपर्यंत मुदत दिली होती आणि ती संपावयाची होती. गैरकारभार हेच कारण असेल, तर मुदत पुरी का होऊ दिली नाही? आणि विषप्रयोग हे कारण असेल, तर दुभंगलेल्या निर्णयाचा लाभ आरोपीला का मिळाला नाही? एका आरोपाची शिक्षा दुसऱ्या आरोपाच्या नावाने दिली की, दोहोंपैकी एकाचाही न्याय होत नाही. मल्हारराव दोषी ठरले नाहीत आणि निर्दोषही ठरले नाहीत. डाग तेवढा राहिला.

यावर कोणी म्हणेल, परिणाम तर चांगला झाला! माधवरावांनी राज्याची घडी बसविली, सयाजीरावांसारखा राजा लाभला. हे खरे आहे, आणि माधवरावांनी ती जागा स्वीकारली यात मला दोष दिसत नाही. बडोद्याच्या रयतेने कोणाचा अपराध केला होता? परंतु पीक चांगले आले, एवढ्यावरून शेत कसे हाती आले याचा निवाडा होत नाही.

हे मी परक्या राज्यकर्त्यांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. नोकरीत असताना माझ्या हाताखालच्या एका कारकुनावर गोपनीय कागद बाहेर दिल्याचा संशय आला. चौकशीत काहीही सिद्ध झाले नाही. मी ‘प्रशासकीय सोयीसाठी’ असा शेरा मारून त्याची दूरच्या गावी बदली केली आणि वर दयाळूपणाचे समाधानही मानले. निरोप घेताना त्याने एवढेच विचारले, “साहेब, मी सुटलो की नाही?” मी म्हणालो, “तुमच्याविरुद्ध काही नाही.” मग ते कागदावर लिहून द्याल का, असे विचारण्याचे धैर्य त्याला झाले नाही. ते आपण होऊन लिहून देण्याचे मला झाले नाही.

शासनाला माणसे बाजूला सारावी लागतातच. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ नेही खटल्यावाचून स्थानबद्धतेस जागा ठेवली आहे. तीन महिन्यांहून अधिक काळासाठी सल्लागार मंडळाचा अभिप्राय आवश्यक मानला आहे. हा अधिकार असावा की नसावा, हा प्रश्न मोठा आहे. पण तो असेतोपर्यंत त्याचा एक नीतिनियम आपल्याला पाळता येईल: जेथे पुरावा अपुरा पडला, तेथे तो अधिकार पुराव्याच्या जागी बसवू नये. संशयाचा फायदा ही आरोपीवर केलेली मेहेरबानी नव्हे. आपल्या निर्णयशक्तीला मर्यादा आहेत, याची ती प्रामाणिक कबुली आहे. जो अधिकारी ती कबुली न्यायालयावर सोपवून कचेरीत तिच्या उलट वागतो, तो कायदा मोडत नाही. त्याला निरर्थक करतो.

नंदीला सारताना देवाने कारण लपविले नव्हते. तू आड येतोस, एवढेच खरे कारण होते, आणि तेवढेच आजवर सांगितले जाते. मी मात्र माझ्या शेऱ्यात खरे कारण लिहिले नाही. त्या कारकुनाच्या प्रश्नाचे उत्तर त्याच वेळी दोन ओळींत देता आले असते.