त्याग, निग्रह आणि उतार

कठोपनिषदाने देहाला रथ, बुद्धीला सारथी आणि मनाला लगाम कल्पिले, तेव्हापासून संयमाचा विचार करू लागले की आपल्या डोळ्यांपुढे लगाम खेचणारा हातच उभा राहतो. परंतु माती लोटणाऱ्या डोझरला लगाम नाही, वळणारे चाकही नाही, आणि तरीही ते अवजड धूड आज्ञेप्रमाणे वळते, ही गोष्ट त्यागाच्या जुन्या प्रश्नावर मोठा प्रकाश टाकते असे मला मनापासून वाटते.

कॅलिफोर्नियातील स्टॉक्टनजवळच्या, चाके गिळून टाकणाऱ्या भुसभुशीत जमिनीवर बेंजामिन होल्टने २४ नोव्हेंबर १९०४ रोजी पट्ट्यांवर चालणारे यंत्र चालवून पाहिले. त्याच्या आरंभीच्या यंत्रांना दिशा देण्यासाठी पुढे एक चाक असे. पुढे ते गेले आणि दिशेची मुखत्यारी मागच्या क्लचांकडे आली. इंजिनाची शक्ती गिअरपेटीतून मागच्या आडव्या दांड्यापर्यंत एकत्र येते, तेथे तिच्या दोन वाटा होतात, आणि प्रत्येक वाटेवर अनेक चकत्यांचा एक क्लच व त्यापुढे एक ब्रेक असतो. डावी लिव्हर ओढली की डाव्या पट्ट्याचा इंजिनाशी संबंध सुटतो, उजवा चालत राहतो आणि यंत्र सावकाश डावीकडे कलते. त्यावर ब्रेकही लावला की डावा पट्टा जागी खिळतो आणि यंत्र त्याच्याभोवती गिरकी घेते. क्लच हा त्याग आणि ब्रेक हा निग्रह; आपण हे दोन शब्द जोडीने उच्चारतो खरे, पण त्यांचे कार्य एक नव्हे.

हा भेद उतारावर उघडा पडतो. तेथे इंजिन पट्ट्यांना ओढीत नसते, यंत्राच्या भाराने पट्टेच इंजिनाला ओढीत असतात आणि इंजिन त्यांना आवरून धरीत असते. अशा वेळी ब्रेकावाचून नुसती डावी लिव्हर ओढली तर मोकळा सुटलेला डावा पट्टा पुढे धावतो आणि यंत्र उजवीकडे वळते. हात तोच, लिव्हर तीच, फळ मात्र विपरीत!

कुरुक्षेत्रावर धनुष्य खाली ठेवणाऱ्या अर्जुनाला आपण त्यागच करीत आहोत असे वाटत होते. परंतु तो शोकाच्या उतारावर होता, आणि त्या स्थितीत सोडलेले कर्म त्याला शांतीकडे नेणारे नव्हते. स्मशानवैराग्याचेही तसेच. गीतेच्या अठराव्या अध्यायात सात्त्विक, राजस आणि तामस असे त्यागाचे तीन प्रकार सांगून, क्लेशाच्या भयाने केलेल्या त्यागाला त्यागाचे फळ नाकारले आहे, ते मला याच कारणाने यथार्थ वाटते: काय सोडले याआधी, सोडताना कोण कोणाला ओढीत होते, हे विचारले पाहिजे.

कॅटरपिलरच्या १९८७च्या डी-८-एन यंत्रात डिफरन्शियल स्टिअरिंग आले. त्यात वळताना एका पट्ट्याचा वेग जितका घटतो तितकाच दुसऱ्याचा वाढतो, आणि शक्ती दोहोंकडे अखंड राहते. टिळकांनी १९१५ साली गीतारहस्यात ज्या कर्मयोगाचा पुरस्कार केला, तो मला या रचनेच्या निकटचा दिसतो. पण आपली बहुतेकांची मने जुन्याच बनावटीची आहेत, आणि त्या बनावटीच्या डोझरवर उताराला लागण्यापूर्वीच खालचा गिअर घालावा लागतो. यंत्र न्यूट्रलमध्ये सोडण्याची तेथे सक्त मनाई असते.