सायबर सुरक्षेला लेखापरीक्षक हवा

महापे येथील ‘महाराष्ट्र सायबर’ या राज्याच्या सायबर-पोलीस यंत्रणेच्या मुख्यालयाबद्दल एक दावा हल्ली वारंवार कानी पडतो. नियंत्रण कक्ष, न्यायवैद्यक प्रयोगशाळा, तक्रारींचे कॉल सेंटर आणि सायबर हल्ल्यांना प्रतिसाद देणारे सर्ट-महाराष्ट्र हे पथक एका छताखाली आले, आता त्याचे महामंडळ होणार, म्हणजे राज्याच्या सायबर सुरक्षेची घडी बसली, असा तो दावा. ८३७ कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. ऑनलाइन फसवणुकीत आयुष्यभराची पुंजी गमावलेल्या माणसाला अशा यंत्रणेचा आधार वाटतो, आणि तो मिळायलाच हवा. माझा आक्षेप दाव्याच्या उत्तरार्धाला आहे. नागरिकाला लुबाडणाऱ्या भामट्याला पकडणे हे एक काम. वीज, पाणी, सातबारा आणि रेशन ज्यांच्यावर चालते त्या सरकारी संगणकांची राखण सरकार नीट करते का, हे पाहणे हे दुसरे. पहिल्या कामाला पोलीस लागतात. दुसऱ्याला सरकारलाच जाब विचारू शकेल असा अधिकारी लागतो, आणि त्याची जागा अजून रिकामी आहे.

ही जागा रिकामी राहिली की काय होते, ते आपण पाहिले आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई महानगरातली वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या.  फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस रेकॉर्डेड फ्युचर या अमेरिकी कंपनीने चीनशी संबंधित गटाने भारतीय वीज क्षेत्रात घुसखोरी केल्याचा अहवाल दिला. मात्र मुंबईतल्या प्रकाराशी तिचा संबंध सिद्ध झालेला नाही, हेही सांगितले. १ मार्चला तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबरच्या अहवालाच्या आधारे घातपाताची शक्यता मांडली. १४ ट्रोजन आणि ८ जीबी संशयास्पद डेटा यांचा उल्लेख त्यात होता. दुसऱ्याच दिवशी केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी कारण मानवी चूक असल्याचे जाहीर केले. राज्यात एक आघाडी, केंद्रात दुसरी. कुणाचे खरे मानायचे हे ठरवायला सामान्य माणसाजवळ पक्षाखेरीज दुसरे माप उरले नाही. तांत्रिक प्रश्नाचा निवाडा असा व्हावा, ही प्रगत म्हणवणाऱ्या राज्याला शोभणारी गोष्ट नव्हे.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. सायबर हल्ल्यांना प्रतिसाद देणारी सर्ट-इन ही राष्ट्रीय संस्था २००४ पासून काम करते, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे पाठबळही तिला आहे. २०२२ च्या तिच्या आदेशाप्रमाणे सरकारी संस्थांनीही सायबर घटना सहा तासांत कळवायची असते. सल्ले आहेत, परीक्षणे आहेत, मग आणखी एक कार्यालय कशाला? हा आक्षेप मला बराचसा पटतो. सल्ला देणारे कार्यालय आणखी एक काढायचे असेल, तर ते न काढलेलेच बरे.

ब्रिटनच्या अनुभवातून नेमका हाच धडा मिळतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या रॅन्समवेअरने तिथल्या सरकारी आरोग्यसेवेला ग्रासले. हजारो रुग्णांच्या वेळा रद्द झाल्या, काही रुग्णालयांना तातडीचे रुग्ण दुसरीकडे पाठवावे लागले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने अहवाल दिला, आणि तो आपल्या प्रत्येक आमदाराने वाचावा असा आहे. हल्ल्यापूर्वी एनएचएस डिजिटल या संस्थेने ८८ रुग्णालय न्यासांची प्रत्यक्ष जागेवर तपासणी केली होती, आणि त्यांतला एकही उत्तीर्ण झाला नव्हता. विंडोजमधले भगदाड बुजवण्याची सूचना मार्च-एप्रिलमध्येच गेली होती. म्हणजे धोका माहीत होता, उपायही हाताशी होता. नव्हता तो हुकूम देण्याचा अधिकार. तपासणाऱ्या संस्थेला रुग्णालयाकडून दुरुस्ती सक्तीने करून घेता येत नव्हती. अज्ञानामुळे झालेले नुकसान समजू शकते. अहवाल टेबलावर असताना झालेले नुकसान हा कारभाराचा दोष असतो. आणि तो लोकांना कळला, कारण सांगणारे कार्यालय आरोग्य खात्याचे अंकित नव्हते, ते संसदेला उत्तरदायी होते. जानेवारी २०२५ मध्ये त्याच कार्यालयाने पुन्हा लिहिले की तपासलेल्या ५८ महत्त्वाच्या सरकारी यंत्रणांमध्ये गंभीर उणिवा आहेत, आणि किमान २२८ जुनाट यंत्रणा कितपत असुरक्षित आहेत हे सरकारलाच ठाऊक नाही.

हे काम महापेच्या छताखाली का होणार नाही? मार्च २०२१ मध्ये एमआयडीसीच्या यंत्रणेवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि कार्यालयांचे ऑनलाइन काम ठप्प झाले. अशा वेळी खाते फिर्यादी असते, आणि हलगर्जी झाली असेल तर जबाबदारही. ज्याच्याकडे फिर्याद द्यायची तोच उद्या हलगर्जीचा अहवाल लिहिणार असेल, तर अधिकारी फिर्याद देण्याआधी दहा वेळा विचार करतील, आणि त्या विलंबात हल्लेखोर आणखी आत शिरेल. महामंडळाची अडचण त्याहून मोठी. ज्या खात्याला सुरक्षा पुरवून पैसे घ्यायचे, त्याच खात्याची सुरक्षा ढिली आहे असे ते लिहिणार कसे? कीर्द लिहिणाऱ्याकडेच लेखापरीक्षण सोपवत नाहीत.

गुप्ततेचा मुद्दा उरतो. उणिवा जाहीर केल्या तर शत्रूचे फावेल, असे म्हणतात. उणीव बुजण्याआधी तिचा तपशील कुणीच छापू नये, हे मान्य. पण कोणत्या खात्याला कधी ताकीद दिली, मुदत किती होती, ती पाळली का, एवढे सांगितल्याने हल्लेखोराच्या हाती काही लागत नाही. लागते ते मतदाराच्या हाती. केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्ट-इनला माहिती अधिकाराच्या कक्षेबाहेर काढले. त्याच कायद्याचे कलम २४ राज्य सरकारलाही सुरक्षा संस्था अशा वगळू देते. महाराष्ट्राने त्या वाटेने जाऊ नये. माहिती अधिकाराचा कायदा केंद्राच्या आधी करणाऱ्या राज्यांपैकी आपण एक आहोत.

तेव्हा विधिमंडळाने कायदा करून एक लहान, स्वतंत्र प्राधिकरण नेमावे. त्याच्या प्रमुखाला ठरावीक मुदत असावी आणि गृह खात्याला त्याची बदली करता येऊ नये. कोणत्याही खात्याची, महामंडळाची वा महापालिकेची यंत्रणा तपासण्याचा, मुदतीत दुरुस्ती करून घेण्याचा आणि धोका गंभीर असेल तर यंत्रणा जाळ्यातून तोडण्याचा अधिकार त्याला असावा. दरवर्षी त्याचा अहवाल सभागृहात मांडला जावा. तज्ज्ञ मिळत नाहीत ही सबब पुरेशी नाही. परीक्षणाचे तांत्रिक काम बाहेरच्या मान्यताप्राप्त संस्थांकडून करून घेता येते. मुदत मोजणे आणि मंत्र्याला नकार देणे मात्र कंत्राटाने देता येत नाही. त्यासाठी कायद्याचे पाठबळ असलेली खुर्ची लागते, आणि आधी मागायची ती हीच.