नायिका नात्यातली नसावी

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी क्लार्कने प्रेमात पडू नये, असा लेखी नियम आमच्या बँकेत नाही. मी सर्क्युलरांची फाईल मुद्दाम चाळून पाहिली. रजेचे नियम आहेत, सायकल कुठे लावावी याचा नियम आहे, पण याबाबतीत हेड ऑफिस गप्प आहे. त्यामुळे मी प्रेमात पडलो तेव्हा शिस्तभंगाचा प्रश्न आला नाही. प्रश्न आला तो निराळाच, आणि तो काउंटरवर सुटण्यासारखा नव्हता, म्हणून हा लेखनप्रपंच.

तिचं नाव क्योको ओतोनाशी. राहणार जपान. वय विशीतलं. व्यवसाय, एका मोडकळीला आलेल्या लाकडी घरातले भाडेकरू सांभाळणे. अडचण एवढीच, की ती कागदावर काढलेली आहे.

हे सगळं आमच्या कन्येमुळे झालं. ती अकरावीत आहे आणि अभ्यासाच्या टेबलावर बसून ॲनिमे बघते. त्याला 'जपानी कार्टून' म्हटलेलं तिला खपत नाही. "बाबा, तू ज्ञानेश्वरीला ओव्यांची वही म्हणशील का?" असं विचारून तिने माझं तोंड एकदाच बंद केलं. तर या ॲनिमेत प्रेमाच्या विनोदी गोष्टींचं एक मोठं खातं आहे. 'तोरादोरा' नावाच्या मालिकेत ताइगा नावाची तळहाताएवढी मुलगी आहे, आणि ती इतकी भांडखोर, की शाळेत तिला वाघच म्हणतात. 2019 साली टीव्हीवर आलेल्या 'कागुया-सामा'मध्ये दोन हुशार मुलं एकमेकांवर जीव टाकतात, पण 'मला तू आवडतेस' हे आधी कोणी बोलायचं यावरून त्यांचं युद्ध चालतं. जो बोलेल तो हरला! हे ऐकून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. सदाशिव पेठेत अशी युद्धं तिसऱ्या पिढीपर्यंत चालतात.

"पण बाबा, तुला हे झेपायचं नाही. तू आपलं तुझ्या काळातलं बघ," असं म्हणून तिने 'मेझोन इक्कोकु' लावून दिलं. रुमिको ताकाहाशी या बाईंची ही चित्रकथा 1980 ते 1987 क्रमशः आली, आणि तिच्यावरची मालिका मार्च 1986 पासून मार्च 1988 पर्यंत जपानी टीव्हीवर चालली. भाग शहाण्णव! माझा काळ म्हणजे मी तेव्हा बालवाडीत होतो. पण मुलांच्या दृष्टीने मोबाइलच्या अलीकडचं ते सगळं शिवकालीन.

गंमत अशी, की ती मालिका संपली त्याच 1988 साली सप्टेंबरात आपल्याकडे 'अशी ही बनवाबनवी' लागला. तिकडे खोली आणि नायिका, इकडेही खोली आणि नायिका. आमच्या पुण्यात सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांना खोलीसाठी लुगडी नेसावी लागली, एवढाच फरक. राहायला जागा मिळाल्याशिवाय प्रेमाला सुरुवात होत नाही, हे सत्य तोक्यो आणि पुणे या दोन शहरांना एकाच वर्षी पटलेलं होतं.

इक्कोकु हा खरं म्हणजे वाडाच. भिंती पातळ. चार नंबरातले योत्सुया भिंतीला पाडलेल्या भोकातून पाच नंबरात येतात. पाच नंबरात गोदाई नावाचा मुलगा कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेत पुन्हापुन्हा नापास होत असतो, आणि बाकीचे बिऱ्हाडकरू नेमके त्याच्याच खोलीत दारूच्या बाटल्या घेऊन गाणी म्हणतात. तिथे एक दिवस क्योको येते, वाड्याची व्यवस्था बघायला. एप्रनवर कोंबडीचं पिल्लू, हातात झाडू. गोदाई तिथल्या तिथे कोसळतो. तीस-चाळीस वर्षांनी कोथरूडमधल्या एका दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मीही.

आणखी एक गोष्ट कन्येने सांगितली, आणि माझ्यातला बी.कॉम. जागा झाला. या गोष्टीत प्रत्येकाच्या आडनावात एकेक आकडा लपवलेला आहे. इचिनोसेबाईंमध्ये एक, टेनिस शिकवणाऱ्या मिताकामध्ये तीन, योत्सुयामध्ये चार, गोदाईत पाच. आणि क्योकोच्या ओतोनाशीत 'नाही' या अर्थाचं अक्षर, म्हणजे शून्य! शून्य कुठल्या बाजूला येऊन बसतं यावर पाचाचे पन्नास होतात की पाचाचे पाचच राहतात, हे बँकेतल्या माणसाला सांगायला नको. पुढे अख्खी मालिका हे शून्य कुठे बसणार याचीच.

मी रोज रात्री जेवणानंतर दोन भाग बघू लागलो. साठाव्या भागाच्या आसपास माझा धीर सुटला. "किती वाट बघायला लावते ही बया! हो म्हणून टाक ना एकदाचं!" मी चक्क ओरडलो. सौ. भाजी निवडत होती.

"तुम्हाला हिच्यात एवढं काय आवडतं हो?"

"स्वभाव," मी म्हटलं.

"कुठला? रुसायचा, की कारण न सांगता रुसायचा?"

"दोन्ही. गोड आहे."

"असं? मग गेल्या गुरुवारी मी रुसले, तेव्हा तुम्ही 'आता काय झालं?' म्हणून आवाज वाढवलात, तो कुणाचा?"

तो क्योकोचा होता. मी गप्प बसलो.

पण प्रश्न मनात राहिलाच. क्योको काही फार सालस मुलगी नाही. ती रागावते, हेका धरते. गोदाई दुसऱ्या मुलीबरोबर दिसला, की जळते. आणि 'मी कशाला जळू?' म्हणून वर त्याच्याशीच अबोला धरते. तोवर स्वतः मिताकाबरोबर टेनिस खेळायला जाते. हे सगळं आपल्याला गोड वाटतं. घरातली बाई यातलं एक चतुर्थांश करू लागली, की आपण तिला कटकट म्हणतो. मला वाटतं, याचं कारण साधं आहे. पडद्यावरची रुसते तेव्हा तिच्या रुसण्याचं कारण आपल्याला आधी दाखवलेलं असतं. घरी ते कारण आपणच असतो, आणि स्वतःला पाठीमागून बघण्याची सोय अजून निघालेली नाही.

आणि क्योकोबद्दलची मुख्य गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली आहे. ती विधवा आहे. लग्नानंतर सहा महिन्यांच्या आत नवरा, सोइचिरो, वारला. वाडा सासऱ्यांचा. तिच्या पांढऱ्या कुत्र्याचं नावही सोइचिरोच, त्यामुळे तिने अंगणात प्रेमाने हाक मारली, की गोदाईच्या पोटात गोळा येतो. नवऱ्याचा चेहरा मात्र शहाण्णव भागांत आपल्याला एकदाही दिसत नाही. फोटोवर कायम सावली. ज्याचा चेहराच नाही, त्याच्याशी स्पर्धा कशी करणार?

आता विधवा नायिका म्हटली की आम्ही मराठी वाचक हात आधी रुमालाकडे नेतो. हरिभाऊ आपट्यांनी 1890 साली 'करमणूक' सुरू केलं आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः लिहिली. त्यातली यमुना वाचून चार पिढ्या रडल्या. ते रडणं खोटं नव्हतं. त्याने घराघरांतली पुष्कळ दारं उघडली. पण रडवणाऱ्या नायिकेची एक सोय असते. तिला आपण दया देतो आणि मोकळे होतो. हसवणारी नायिका महाग पडते. ती चिडते, हट्ट करते, चुकते, उद्या पुन्हा विचार बदलते. आणि तरी गोष्ट तिला शिक्षा करत नाही. विधवा बाईलासुद्धा मत्सर वाटू शकतो, तिचंही मन डळमळू शकतं, पाय घसरून ती छपरावरून लोंबकळूही शकते, हे मान्य करायचं म्हणजे तिला आपल्याइतकंच माणूस मानायचं. मला वाटतं, क्योकोची मोहिनी ती हीच. मी या शोधावर फारच खूश झालो. आपण किती उदार आहोत हे सोफ्यावर बसून कळलं, की झोप छान लागते.

त्यानंतरच्या रविवारी माझी मावसबहीण आली. घरात तिला सगळे छोटी म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. 2021 च्या एप्रिलात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, तिचा नवरा गेला. तेव्हापासून ती आणि सासूबाई दोघीच राहतात. तिने बाकरवडीचा पुडा टेबलावर ठेवला, चहा अर्धा प्यायली आणि म्हणाली, "दादा, एक सांगायचं होतं. आमच्या ऑफिसातल्या एकांनी मला विचारलंय."

माझा घसा आपोआप खाकरला गेला. थोरला भाऊ म्हणून बोलायची वेळ आली, की तो खाकरतोच.

"हे बघ," मी म्हटलं, "लोकांचं जाऊ दे. पण घाई नको. नीट विचार कर. तुझ्या सासूबाईंना काय वाटेल? शिवाय आता अडतिसाव्या वर्षी—"

"आईंनीच त्यांना चहाला बोलावलं होतं, मागच्या आठवड्यात."

हा मुद्दा गेला. मी दुसरा शोधू लागलो, तोच आतल्या खोलीतून कन्येचा आवाज आला, "बाबा, साठाव्या भागात तू काय ओरडत होतास?"

सौ. काहीच बोलली नाही. तिने फक्त बाकरवडीचा पुडा फोडला. लग्नाला वीस वर्षं झाली, की पुडा फोडण्याच्या आवाजावरून निकाल कळतो.

संध्याकाळी छोटीला स्कूटरवरून घरी सोडायला निघालो. वाटेत कर्वे पुतळ्यापाशी सिग्नल लागला. या पुतळ्यावरून मी रोज जातो; माझ्या लेखी तो बसस्टॉप आहे. त्या दिवशी प्रथमच मान वर करून बघितलं. फर्गसनमध्ये गणित शिकवणाऱ्या या माणसाने 1893 साली गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. मुरूडकरांनी, म्हणजे त्यांच्याच गावाने, त्यांच्यावर बहिष्कार घातला. 1958 साली सरकारने त्यांना भारतरत्न दिलं, आणि पुण्याने एक अख्खा रस्ता. बहिष्कार घालणारी माणसं दुष्ट असणार, असं मला शाळेपासून वाटत आलं होतं. त्या सिग्नलला वाटलं, त्यातली पुष्कळशी माझ्यासारखीच असतील. सज्जन, घसा खाकरणारी, 'घाई नको' म्हणणारी. सुधारणा त्यांनाही आवडत असेल. फक्त ती नात्यातल्या कुणी करू नये, इतकंच.

"दादा," मागून छोटी म्हणाली, "मी परवानगी मागायला नव्हते आले. सांगायला आले होते."

सिग्नल सुटला. मागच्याने हॉर्न दिला.

"अजून एक, बँकेतलं," ती म्हणाली. "आमचं जॉइंट खातं तसंच आहे अजून. त्याचं नाव कमी करावंच लागेल का रे?"

आता हे माझं क्षेत्र होतं. मी म्हटलं, मृत्यूचा दाखला आणि अर्ज दे, पाच मिनिटांचं काम. पण बोलताना जीभ जड झाली. जॉइंट खात्याच्या फॉर्मवर एक रकाना असतो: 'आयदर ऑर सर्व्हायव्हर'. दोघांपैकी कोणीही, अथवा हयात राहील तो. नवीन लग्न झालेली जोडपी हसत हसत तिथे खूण करतात. इतक्या वर्षांत कुणी तो दुसरा शब्द वाचून थांबलेलं मला आठवत नाही. 'आयदर' व्हायला सगळे तयार असतात. 'सर्व्हायव्हर' कुणालाच व्हायचं नसतं. क्योको शेवटी गोदाईला होकार देते, तेव्हा ती त्याच्याकडे एकच वचन मागते: एक दिवस का होईना, माझ्यानंतर जग. आणि गोदाई सोइचिरोच्या थडग्यापुढे उभा राहून सांगतो, की तिच्या मनातल्या तुझ्यासकट मी तिला घेऊन जातोय. खात्यातलं नाव कमी न करता नवं खातं उघडायची सोय त्या नापास पोराला सुचली. आमच्या हेड ऑफिसला अजून सुचलेली नाही.

"राहू दे सध्या," मी म्हटलं. "तुला वाटेल तेव्हा ये. घाई नको."

या वेळी ती हसली. तीच दोन अक्षरं होती, पण योग्य खात्यावर पडली असावीत.

पुढच्या महिन्यात त्यांचं रजिस्टर लग्न आहे. नोटीस लागली आहे. साक्षीदार तीन लागतात. एक तिच्या सासूबाई, एक त्या गृहस्थांचे मित्र आणि तिसरा मी. आयुष्यभर लोकांच्या सह्या नमुन्याशी जुळतात की नाही ते बघत आलो. त्या दिवशी माझी जुळेल की नाही, याची मला आतापासून धास्ती आहे. कन्येने त्यावर उपाय सांगितला. म्हणाली, "बाबा, सही करताना फक्त असं समज, की हा शहाण्णवावा भाग आहे."

शहाण्णवावा भाग मी बघितला तेव्हा फार रडलो होतो. तेव्हा सौ.ने न बोलता रुमाल दिला होता. या खेपेला मी तो स्वतःच नेणार आहे.