मागून घेतलेली स्मृति

दुसऱ्याची वस्तु मागून आणली असतां ती जशीच्या तशी परत करावी, हा नियम घरांतल्या लहान मुलांसहि ठाऊक असतो. छत्री, पुस्तक, पातेलें यांच्या बाबतींत तो पाळणें कठीण नाहीं. कारण वस्तु काय आहे व तिचें काय झालें, हें डोळ्यांना दिसतें. परंतु अलीकडे आपण अशाहि वस्तु एकमेकांस देऊंघेऊं लागलों आहों कीं, ज्यांचें बाह्य रूप टपालाच्या तिकिटाएवढें, पण ज्यांच्या पोटांत एखाद्या कुटुंबाचीं कित्येक वर्षें सांठविलेलीं असतात. कॅमेऱ्याचें मेमरी कार्ड ही अशीच एक वस्तु होय. तिच्यासंबंधीं आमच्या हातून घडलेला एक प्रमाद वाचकांपुढें ठेवून, त्यांतून उद्भवणाऱ्या नैतिक प्रश्नाचा थोडा विचार करावा, असा आमचा हेतु आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं हिंवाळ्याच्या सुट्टींत आम्ही व आमचे एक सहाध्यापक असे सहकुटुंब वाईस जावयास निघालों. स्वारगेटच्या एस. टी. स्थानकावर गाडीची वाट पाहत असतां मुलांचीं चित्रें काढावीं म्हणून कॅमेरा उघडला, तों त्यांतलें कार्ड भरलेलें! स्नेह्यांजवळ मागतांच त्यांनीं पिशवींतून एक कार्ड काढून दिलें. "घ्या, हें चालेल तुम्हांला," एवढेंच ते म्हणाले. त्यांचा कॅमेरा निराळ्या कंपनीचा होता. तें कार्ड आमच्या कॅमेऱ्यांत घालतांच 'चित्रें नाहींत' अशा अर्थाचीं अक्षरें पडद्यावर उमटलीं. परंतु आणखी अकराच चित्रांपुरती जागा शिल्लक आहे, असा आंकडाहि कोपऱ्यांत दिसत होता. कार्ड रिकामें, तर जागा अपुरी कां, ही शंका तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासहि आली असती. आम्हांस ती आली नाहीं. दुसऱ्या कॅमेऱ्यांतलें कार्ड आधीं फॉरमॅट करून घ्यावें, असें माहितीपुस्तकांत वाचलेलें तेवढें आठवलें. "सर्व पुसावें काय?" असें यंत्रानें विचारलें. आम्ही होकार दिला व तेथेंच तीन चित्रें काढलीं.

कात्रजचा बोगदा मागें पडल्यावर स्नेही सहज म्हणाले, "त्या कार्डांत आईच्या सहस्रचंद्रदर्शनाचीं चित्रें आहेत. अजून उतरवून घ्यावयाचीं राहिलीं आहेत." त्यांच्या मातोश्रींस जाऊन तेव्हां पांच महिने झाले होते.

आम्ही गप्प राहिलों. वाईचा गणपति झाला, मेणवलीचा घाट झाला; कांहीं घडलेंच नाहीं असें भासावें म्हणून नेहमींपेक्षां अधिक उत्साहानें आम्ही चित्रें काढीत होतों. सायंकाळीं स्वारगेटला उतरलों तेव्हां तीं ४७ झालीं होतीं. तेथें आम्ही स्नेह्यांस सर्व सांगितलें. ते थोडा वेळ स्तब्ध राहिले, आणि मग म्हणाले, "अहो, तुम्ही मुद्दाम थोडेंच केलेंत?"

हें समाधान अर्धेंच खरें होतें. कारण पुढें जाणत्यांकडून जें कळलें तें असें. कार्डांतील चित्रांचीं नांवें व कप्पे कसे असावेत यासंबंधीं जपानांत १९९८ सालीं एक सामान्य नियम ठरला, आणि त्यामुळें एका कॅमेऱ्याचीं साधीं चित्रें दुसऱ्यास पुष्कळदां वाचतां येतात. परंतु हौशी माणसें ज्या कच्च्या रूपांत चित्रें सांठवितात, तें प्रत्येक कंपनीचें निराळें असतें. स्नेह्यांचीं चित्रें त्या रूपांत होतीं. 'नाहींत' या शब्दाचा अर्थ 'मला वाचतां येत नाहींत' एवढाच होता. दुसरी गोष्ट अशी कीं, फॉरमॅट केल्यानें बहुधा कार्डाची अनुक्रमणिका तेवढी कोरी होते. जुनीं चित्रें त्यांच्या जागेवर नवें कांहीं लिहिलें जाईपर्यंत आंत शाबूत असतात. एका कारागिराच्या साहाय्यानें त्यांतलीं बरींच परत मिळालीं. परंतु आरंभींचीं, मातोश्रींस ओवाळतांनाचीं, मिळालीं नाहींत. त्यांच्या जागीं आमचा मेणवलीचा घाट होता. स्वारगेटवरील तीन चित्रांनंतर आम्ही थांबलों असतों, तर हानि फार थोडी झाली असती.

याज्ञवल्क्यस्मृतींत उपनिधि म्हणून एक प्रकरण आहे. आंत काय आहे हें न सांगतां बंद पेटींतून दिलेली ठेव जशीच्या तशी परत करावी, असें तेथें सांगितलें असून मागून आणलेल्या वस्तूसहि तोच नियम लावला आहे. राजा, दैव किंवा चोर यांच्यामुळें ठेव गेली, तर मात्र ठेवून घेणारा दोषी नव्हे. आमच्या पहिल्या तीन चित्रांस कदाचित् दैवाची सबब सांगतां येईल. कात्रजनंतरच्या ४४ चित्रांस ती नाहीं. तेथें यंत्र नव्हतें, अज्ञान नव्हतें. केवळ लाज होती. आपलें अज्ञान उघडें पडूं नये, एवढ्याकरितां आम्ही दुसऱ्याची आई पुसूं दिली.

यावर कोणी म्हणेल कीं, कार्डाच्या कडेला पुसण्यापासून रक्षण करणारी एक लहानशी कळ असते. धन्यानें ती कां सरकविली नाहीं? परंतु ती सरकविली असती, तर आम्हांस एकहि चित्र काढतां आलें नसतें, आणि स्नेह्यांचें देणें व्यर्थ झालें असतें. शिवाय ती कळ स्वतः कांहींच अडवीत नाहीं. कॅमेऱ्यानें तिची सूचना पाहून मानावी, एवढाच तिचा अर्थ. कुलूप देणाऱ्याच्या वस्तूवर असलें, तरी तें पाळणें शेवटीं घेणाऱ्याकडेच राहतें.

म्हणून पुसण्यापूर्वीं प्रश्न यंत्रास नव्हे, तर वस्तूच्या धन्यास विचारावा. आणि चूक कळल्याक्षणीं हातांतलें काम ठेवून ती बोलून टाकावी. चुकीपेक्षां तिच्यानंतरचें मौन अधिक नाश करतें, हें आम्ही वर्गांत अनेकदां शिकविलें असेल. आम्हांस तें त्या दिवशीं कळलें. मेणवलीचीं तीं चित्रें अजून आमच्या घरीं आहेत. मुलें तीं आनंदानें पाहतात. आम्हांस मात्र त्या वेळीं तेथें बसवत नाहीं.